कथात्म साहित्यातील वसाहतवाद, युद्ध व औद्योगिकीकरण : सातारा-सांगली परिसर

कादंबरी, कथा, नाटक, पोवाडा इ. प्रकारांतून उभे राहणारे कल्पित जग आणि ते निर्माण करणारा ऐतिहासिक काळ यांचा संबंध हा साहित्यविचारातील एक महत्त्वाचा विषय आहे. परकीय सत्तेचा अंमल, युद्ध आणि यंत्रोद्योगाची वाढ या तीन घटनांनी एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील मानवी जीवन आमूलाग्र बदलले. त्यामुळे त्यांचे चित्रण जगातील बहुतेक सर्व प्रमुख भाषांतील साहित्यात आढळते. चार्ल्स डिकिन्सची ‘हार्ड टाइम्स’ (१८५४) व एमिल झोलाची ‘जर्मिनाल’ (१८८५) या कादंबऱ्यांत कारखाना व खाण यांचे जग दिसते. दीनबंधू मित्र यांच्या ‘नीलदर्पण’ (१८६०) या बंगाली नाटकात निळीच्या मळेवाल्यांचा जुलूम चित्रित झाला आहे, तर चिनुआ अचेबे या नायजेरियन लेखकाची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) ही कादंबरी परकीय सत्तेच्या आगमनाने विस्कटलेल्या ग्रामसमाजाची कथा सांगते. मराठीत या विषयाचा विचार करताना सातारा-सांगली हा परिसर विशेष लक्षणीय ठरतो. ब्रिटिश सत्तेचा विस्तार, तिला झालेला सशस्त्र प्रतिकार, सैन्यभरती, यंत्रोद्योगाचा आरंभ आणि मुंबईकडे होणारे स्थलांतर या सर्व घडामोडी कृष्णा, वारणा व माणगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत एकमेकींच्या अगदी निकट घडल्या आणि याच खोऱ्यांनी मराठीला काही श्रेष्ठ लेखकही दिले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : १८१८ मध्ये पेशवाईचा शेवट झाल्यावर इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंह यांची स्थापना केली. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले व १८४८ मध्ये दत्तकपुत्राचा वारसा नाकारून राज्य खालसा केले गेले. याच्या आसपासचा पुष्कळसा प्रदेश मात्र सांगली, मिरज, औंध, फलटण, जत इ. संस्थानांच्या ताब्यात राहिला. परिणामी खालसा मुलूख आणि संस्थानी मुलूख यांची येथे सरमिसळ झालेली होती आणि शेजारशेजारच्या दोन गावांना दोन वेगळ्या राज्यकर्त्यांचा अनुभव येत असे. स्वातंत्र्योत्तर काळात संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा अस्तित्वात आला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव देण्यात आले. त्यामुळे १९४९ पूर्वीच्या घटनांच्या संदर्भात ‘सातारा जिल्हा’ या संज्ञेत आजच्या सांगली जिल्ह्याचाही बराच भाग समाविष्ट होतो, हे लक्षात ठेवावे लागते.

पुराणकथेतील परकीय सत्ता : सत्ताधाऱ्यांवर उघड टीका करणे धोक्याचे असते, तेव्हा साहित्य रूपकाचा आश्रय घेते. नाटकांचे प्रयोग बंद पाडण्याचा अधिकार सरकारला १८७६ च्या कायद्याने मिळाला होता आणि राजद्रोहाच्या कलमाखाली वृत्तपत्रकारांवर खटले भरले जात होते. या परिस्थितीत सांगलीत जन्मलेले नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) यांनी ‘कीचकवध’ (१९०७) हे नाटक लिहिले. खाडिलकर हे लोकमान्य टिळकांचे निकटवर्ती व ‘केसरी’चे लेखक होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी नेपाळमध्ये कौलांच्या कारखान्याच्या आवरणाखाली शस्त्रनिर्मिती करण्याच्या गुप्त प्रयत्नातही त्यांचा सहभाग होता. महाभारताच्या विराटपर्वातील कथा त्यांनी निवडली, त्यामागे निश्चित योजना दिसते. कीचक हा राजा नव्हे. तो राजाचा मेहुणा व सेनापती आहे आणि दुबळ्या राजाच्या नावाने तो अनिर्बंध सत्ता गाजवितो. इंग्लंडच्या राजाच्या नावाने कारभार करणारा, परंतु प्रजेला कोणत्याही प्रकारे उत्तरदायी नसलेला व्हाइसरॉय या पात्राच्या मागे पाहणे प्रेक्षकांना अवघड गेले नाही. लॉर्ड कर्झन (कार. १८९९–१९०५) याची राजवट आणि बंगालची फाळणी (१९०५) या घटना ताज्या होत्या. सैरंध्री ही विटंबित स्वदेशभूमी, संयम पाळण्यास सांगणारा कंकभट्ट म्हणजे युधिष्ठिर हा नेमस्त पक्ष आणि तत्काळ प्रतिकाराचा आग्रह धरणारा बल्लव म्हणजे भीम हा जहाल पक्ष, असा अर्थ नाट्यगृहात सहज लावला जाई.

नाटकात कर्झनचे नाव कोठेही नाही, किंबहुना इंग्रजी सत्तेचा उल्लेखही नाही. तथापि सरकारलाही प्रेक्षकांइतकाच अर्थबोध झाला. १९१० मध्ये या नाटकावर बंदी आली आणि ‘टाइम्स’चे प्रतिनिधी व्हॅलेंटाइन चिरोल यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियन अनरेस्ट’ या ग्रंथात भारतीय असंतोषाचे उदाहरण म्हणून या नाटकाचा तपशीलवार परामर्श घेतला. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’ या नाट्यप्रयोगाने मराठी रंगभूमीची सुरुवात झाली, ती पौराणिक आख्यानांच्या आधारे. त्या परिचित आख्यानाला राजकीय आशय देण्याचे कार्य त्याच भूमीतील नाटककाराने सु. साठ वर्षांनंतर केले. पौराणिक कथा सर्वांना आधीपासून ठाऊक असल्याने तिच्यातील लहानसा फेरफारही प्रेक्षकाच्या तत्काळ लक्षात येतो, हे या पद्धतीचे सामर्थ्य. तिची मर्यादाही उघड आहे. परकीय सत्तेची आर्थिक बाजू, म्हणजे शेतसारा, सावकारी, दुष्काळ व जंगलबंदी ही राजवाड्यातील नाट्यात येऊ शकत नाही. ती साहित्यात येण्यासाठी गावकुसाबाहेरील लेखकाची वाट पाहावी लागली.

हजेरी, खजिना व बंडखोर : अण्णा भाऊ साठे (१९२०–६९) यांचा जन्म वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे मांग समाजात झाला. त्यांचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नाही. ‘फकिरा’ (१९५९) ही त्यांची कादंबरी वारणेच्या खोऱ्यात प्रत्यक्ष होऊन गेलेल्या एका बंडखोराच्या चरित्रावर आधारलेली असून तिला १९६१ मध्ये महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार लाभला. वसाहतवादाचे चित्रण या दृष्टीने तिचे महत्त्व असे, की तीत परकीय सत्ता एखाद्या अधिकाऱ्याच्या व्यक्तिरेखेपेक्षा हजेरीच्या रूपाने अधिक ठळकपणे जाणवते.

ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींविषयी कायदा केला व १९११ मध्ये त्याची व्याप्ती वाढविली. विशिष्ट जातिजमातींत जन्मास येणे हाच गुन्हेगारीचा पुरावा मानणे, हे या कायद्याचे व त्याच्याशी संलग्न असलेल्या हजेरीपद्धतीचे मूलतत्त्व होते. नोंद झालेल्या माणसास ठरलेल्या वेळी गावच्या अधिकाऱ्यापुढे उभे राहून आपण गावातच असल्याचे सिद्ध करावे लागे. मोलमजुरीसाठी दूरच्या गावी जाणे त्याला अशक्य होई आणि उपासमारीतून चोरी घडली, की कायद्याच्या गृहीतकाला पुष्टी मिळे. ‘फकिरा’मध्ये हे दुष्टचक्र तपशिलाने उलगडत जाते. दुष्काळ व रोगराई यांनी गाव खचल्यावर फकिरा व त्याचे साथीदार साठवलेल्या धान्याची लूट करून ते उपाशी माणसांत वाटतात आणि पुढे बेडसगावचा सरकारी खजिना लुटतात. सरकार मात्र त्यांच्याऐवजी त्यांच्या बायकामुलांना व जातभाईंना वेठीस धरते. ही संपूर्ण जमात म्हणजे एकच आरोपी, हे कायद्याचे तर्कशास्त्र येथे कथानकाचा कळस ठरते. आपल्या माणसांच्या सुटकेसाठी फकिरा स्वतः सरकारच्या स्वाधीन होतो.

गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्यानंतर सात वर्षांनी ही कादंबरी प्रसिद्ध झाली. सरकारी दप्तरात ज्याची नोंद दरोडेखोर अशी होती, त्याच्याविषयी गावाने जपलेली दुसरी स्मृती तिने लिखित स्वरूपात आणली. लेखकाने ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली असून वि. स. खांडेकर यांनी तिला प्रस्तावना लिहिली आहे. ‘वारणेचा वाघ’ या कादंबरीतही सत्तू भोसले या बंडखोराची अशाच प्रकारची कथा आली आहे. अण्णा भाऊंच्या बंडखोर नायकांत उदात्तीकरणाचा भाग आहे, तसेच त्यांच्या कथानकात पोवाड्याची अतिशयोक्ती आहे, असे आक्षेप घेता येतात. तथापि गावातील सर्वच वतनदार दुष्ट व सर्वच दलित सद्गुणी अशी ढोबळ विभागणी त्यांनी केलेली नाही. ‘फकिरा’तील विष्णुपंत हे पात्र या संदर्भात उल्लेखनीय आहे.

आटपाडीचे शंकरराव खरात (१९२१–२००१) यांच्या कथांत व ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) या आत्मचरित्रात याच व्यवस्थेची दुसरी बाजू दिसते. सरकारी टपाल व सारा पोहोचविणे, बेवारस प्रेताची राखण करणे, अधिकाऱ्याच्या दिमतीस राहणे ही कामे महारकीच्या वतनात मोडत. परकीय राज्यकर्त्यांनी ही जुनी गावव्यवस्था मोडली नाही, उलट स्वतःच्या कारभारासाठी ती वापरून घेतली. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा १९५८ मध्ये झाला, म्हणजे परकीय सत्ता गेल्यानंतरही तिने वापरलेली ही व्यवस्था दहा वर्षांहून अधिक काळ टिकून होती.

संस्थानी प्रदेश : व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांचे माडगूळ हे गाव औंध संस्थानात होते. त्यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही कादंबरी औंध संस्थानातील एका धनगरवस्तीत नेमणूक झालेल्या तरुण शिक्षकाच्या निवेदनातून साकार होते. तीत इंग्रज अधिकारी नाही आणि स्वातंत्र्यलढाही नाही. आहेत ती बंद पडलेली शाळा, कारभाऱ्याचा शब्द, गावाने श्रमदानातून उभारलेली तालीम, तिच्या निमित्ताने घडलेली राजाची भेट आणि अखेरीस सर्वांना देशोधडीस लावणारा दुष्काळ. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते होते व १९३९ मध्ये त्यांनी आपल्या प्रजेस स्वराज्याची राज्यघटना दिली. म्हणजे संस्थानिक सुधारणावादी होता. तरीही माणदेशातील मेंढपाळाच्या जीवनमरणाचा प्रश्न पाऊस व चारा यांच्याशीच निगडित राहिला, असे ही कादंबरी कोणतेही भाष्य न करता दाखविते. साम्राज्याच्या मध्यवर्ती प्रवाहापासून दूर असलेल्या माणसाला सत्ता किती थोडी दिसते व तिची उणीव किती जाणवते, याचे हे चित्रण वसाहतकालीन साहित्यात वेगळे ठरते.

युद्ध : या परिसराला युद्धाचा अनुभव मुख्यतः दोन मार्गांनी आला. पहिला मार्ग सैन्यभरतीचा. सातारा तालुक्यातील अपशिंगे या गावी पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सैनिकांचे स्मारक आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या लष्करात जाण्याच्या परंपरेमुळे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते. दुसरा मार्ग सशस्त्र चळवळीचा. १९४२ च्या सप्टेंबर महिन्यात वडूज व इस्लामपूर येथील मोर्चांवर गोळीबार झाल्यानंतर भूमिगत कार्यकर्त्यांनी क्रांतिसिंह नाना पाटील (१९००–७६) यांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकार चालविले. लोकभाषेत त्यालाच पत्री सरकार म्हणत. गावोगावी न्यायदान करणे, सावकारी व गुंडगिरी यांना आळा घालणे, सरकारी खजिने लुटणे असे त्याचे कार्य होते. कुंडल हे या चळवळीचे एक प्रमुख केंद्र होते.

कथात्म साहित्यात मात्र या दोन अनुभवांना सारखे स्थान मिळालेले नाही. अण्णा भाऊंच्या ‘वारणेच्या खोऱ्यात’ या कादंबरीस १९४२ च्या चळवळीची पार्श्वभूमी आहे. माडगूळकरांच्या ‘कोवळे दिवस’ (१९७९) मध्ये त्याच चळवळीत ओढल्या गेलेल्या कोवळ्या वयाच्या मुलाचे भाबडे धाडस, भीती व एकटेपणा यांचे संयत चित्रण आढळते. ज्यांचे सगेसोयरे फ्रान्स, मेसोपोटेमिया वा इटलीच्या रणभूमीवर गेले त्या घरांची कथा त्या मानाने फारच थोडी लिहिली गेली. दूरच्या युद्धाचा आवाज उमटला तो शाहिरीत. अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडच्या लढाईवर (१९४२-४३) पोवाडा रचला. वारणाकाठच्या शाहिराने व्होल्गाकाठच्या नगराची झुंज शिवकालीन वीरकथेच्या छंदात गावी, ही घटना लक्षणीय आहे. स्थानिक पराक्रमाचे वर्णन करणारा जुना रचनाप्रकार जागतिक युद्धासाठी वापरताना त्यातील नायकाची जागा राजाऐवजी कामगार व सामान्य सैनिक यांनी घेतली.

युद्धाबरोबरच सामूहिक हिंसेचाही विचार या परिसरातील लेखकांनी केला. महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये या भागातील अनेक गावांत ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. माडगूळकरांच्या ‘वावटळ’ (१९६४) या कादंबरीचा तो विषय आहे. शेजाऱ्याचे घर पेटविणारा गाव आणि ते विझविण्यास धजावणारी माणसे ही एकाच गावातील आहेत, याची जाणीव तीत सूडभावनेचा स्पर्शही न होता व्यक्त होते. त्यांच्या ‘सत्तांतर’ (१९८२) या लघुकादंबरीत वानरांच्या टोळ्यांमधील संघर्षाचे वर्णन आहे. नवा नर टोळीवर ताबा मिळवितो, तेव्हा जुन्या नराच्या पिलांचा संहार होतो, ही प्राणिशास्त्रीय वस्तुस्थिती लेखकाने कोणताही बोध न सांगता मांडली आहे. परंतु मानवी सत्तासंघर्षाचे भान ठेवूनच ती वाचली जाते. या कादंबरीस १९८३ मध्ये साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला.

यंत्र, कारखाना व शहर : लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळ, औंध संस्थानाने दिलेल्या निर्जन माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना काढला व किर्लोस्करवाडी ही उद्योगवसाहत निर्माण केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत कऱ्हाडजवळ ओगलेवाडी येथे काचकारखाना सुरू झाला. तेथील ‘प्रभाकर’ कंदील खेडोपाडी पोहोचले. किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) ही त्याची भावंडे. शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली या मासिकांनी विज्ञाननिष्ठा व समाजसुधारणा यांचा हिरिरीने पुरस्कार केला आणि मराठी कथेस मोठा वाचकवर्ग मिळवून दिला.

येथे एक विसंगती नजरेस येते. कारखान्याने मासिके चालविली व मासिकांनी कथा छापल्या, परंतु कथेत कारखान्याचा अंतर्भाग क्वचितच आला. ओतशाळेची धग, पाळी बदलण्याचा भोंगा, शेत सोडून यंत्रावर उभ्या राहिलेल्या पहिल्या पिढीचा गोंधळ हे विषय जवळजवळ अस्पर्शित राहिले. तत्कालीन कथालेखकांपैकी बहुतेक जण मध्यमवर्गातील असून त्यांचे लक्ष प्रामुख्याने विवाह, शिक्षण व कुटुंब या प्रश्नांवर केंद्रित झाले होते, हे त्याचे एक कारण संभवते. दुसरे कारण असे, की या परिसरातील बहुसंख्य लोकांना यंत्रयुगाची ओळख आपल्या मुलखात झालीच नाही. ती मुंबईत झाली.

साताऱ्याकडील माणूस मुंबईस गेला तो गिरणीत, गोदीत किंवा हमालीवर. अण्णा भाऊही लहानपणी कुटुंबासह पायी मुंबईस आले आणि मिळेल ते काम करीत गिरणीकामगारांच्या वस्तीत वाढले. ‘स्मशानातील सोनं’ ही त्यांची कथा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. वारणाकाठचा बलदंड भीमा मुंबईच्या उपनगरात खाणीवर पत्थर फोडतो. खाण बंद पडते तेव्हा तो चितेच्या राखेतून व पुरलेल्या प्रेतांच्या अंगावरून सोने मिळवू लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात अडकून त्याची बोटे जातात आणि त्याच सुमारास खाण पुन्हा सुरू होत असल्याची वार्ता येते. यंत्रयुगातील कामगाराजवळ विकण्यासाठी केवळ आपले शरीर असते, तेही त्याच्याकडून हिरावले जाते, हे अर्थशास्त्रातील सूत्र येथे एका माणसाच्या हाताच्या रूपाने मूर्त झाले आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील कागलचे आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’ (१९७१) या शेजारच्या प्रदेशातील कादंबरीत यंत्र गावात येते. मालक ट्रॅक्टर घेतो, गुराढोरांची रवानगी होते आणि त्यांच्या सहवासालाच संसार मानणारा नारबा हा शेतगडी एकाकी पडतो. यंत्रयुगावरील सर्वांत व्यापक भाष्य मात्र पुन्हा पुराणकथेच्या द्वारे झाले. सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांच्या ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीतील नायक हा भौतिक सुखांच्या मागे धावणाऱ्या आधुनिक माणसाचा प्रतिनिधी आहे, असे लेखकाने स्वतःच सूचित केले आहे. या कादंबरीस १९६० मध्ये साहित्य अकादेमीचे पारितोषिक लाभले आणि खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. वासनेला वासनेनेच शमविता येत नाही, हा महाभारतातील विचार खांडेकरांनी वाढत्या उपभोगाच्या युगास लागू केला. तथापि उपभोगाची साधने कोणाच्या श्रमातून निर्माण होतात, हा प्रश्न राजवाड्यातील कथेत गौणच राहतो. ‘ययाति’ व ‘फकिरा’ या एकाच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दोन कादंबऱ्या एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या, तर यांपैकी प्रत्येकीची मर्यादा दुसरीमुळे स्पष्ट होते.

धरणे व विस्थापन : स्वातंत्र्योत्तर औद्योगिकीकरणाने या प्रदेशास नवे रूप दिले. कृष्णाकाठी सहकारी साखर कारखाने उभे राहिले. कोयना प्रकल्पाने राज्यातील उद्योगांना वीज पुरविली, मात्र कोयनेच्या खोऱ्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली. सह्याद्रीच्या कुशीतील अशा धरणग्रस्तांची परवड कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ (१९९१) या कादंबरीचा विषय आहे. तिला १९९२ मध्ये साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. स्वकीयांच्या राज्यातही कागदावरील नोंद आणि माणसाचे आयुष्य यांतील अंतर कायम राहिले, हे या कादंबरीतून प्रत्ययास येते आणि त्या अर्थाने तिचे नाते ‘फकिरा’तील हजेरीशी जुळते.

मूल्यमापन : सातारा-सांगली परिसरातील साहित्याचा एकत्रित विचार करता असे दिसते, की साम्राज्य, युद्ध व यंत्र या प्रचंड शक्ती येथे क्वचितच स्वतःच्या रूपात अवतरतात. त्या एक तर पुराणकथेचा मुखवटा धारण करतात किंवा हजेरी, खजिना, चारा, तुटलेली बोटे अशा लहान गोष्टींतून जाणवतात. पहिली पद्धत मुख्यतः शिक्षित नागर लेखकांची, तर दुसरी गावगाड्यातून व गावकुसाबाहेरून आलेल्या लेखकांची. पहिलीने सत्तेचे नैतिक स्वरूप स्पष्ट केले, दुसरीने तिची किंमत कोणी मोजली हे सांगितले. या चित्रणात उणिवाही आहेत. कारखान्यातील जीवन व परमुलखात लढलेला सैनिक यांबरोबरच, पुरुष मुंबईस किंवा पलटणीत गेल्यावर शेत व घर सांभाळणाऱ्या स्त्रीची कथाही अपुरी राहिली आहे. कल्पित साहित्य हे इतिहासाचे साधन म्हणून वापरताना सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘फकिरा’वरून एखाद्या दरोड्याची तारीख ठरविता येणार नाही. परंतु दिवसातून अनेकदा आपल्या नावाला ‘हजर’ म्हणावे लागणाऱ्या माणसाला त्या वेळी काय वाटत असे, याची नोंद सरकारी दप्तरात नाही. ती या साहित्यात आहे.